तोंडाचा कॅन्सर मानेत उतरणार की नाही, हे मार्कर्स सांगतात का?

निशिगंध (धागाकर्ता)

जिभेच्या कडेला १८ मिमीची गाठ. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. मान हाताला साफ, सोनोग्राफीतही साफ. अशा रुग्णाच्या बायोप्सीवर हल्ली हमखास मार्करांचं, म्हणजे गाठीतली ठराविक प्रथिनं तपासण्याचं, एक पॅनेल सुचवलं जातं: पी५३, केआय-६७, सायक्लिन डी१, ईजीएफआर, ई-कॅडहेरिन, पी१६, पीडी-एल१. घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'हे केलं की पसरणार का ते कळेल ना?'

यातला एखादा मार्कर, किंवा चार-पाच मिळून, मानेतल्या ग्रंथींमध्ये छुपा कॅन्सर आहे का हे सांगू शकतो का? तेही इतक्या खात्रीने, की त्यावरून मानेची शस्त्रक्रिया करायची की टाळायची हे ठरवता यावं? माझ्या मते आज असा एकही मार्कर नाही. रुग्णाचा पैसा आणि वेळ आधी नीट हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीच्या) रिपोर्टवर लागला पाहिजे. मत पटत नसेल तर जरूर खोडा, पण आधारासकट.

पुणेरी_स्केलपेल

सहमत. मानेचा निर्णय कशावर होतो ते आधी मांडतो.

टाटा मेमोरियलची चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. सुरुवातीच्या टप्प्यातला तोंडाचा कॅन्सर, मान साफ, असे रुग्ण. त्यातले बहुतेक जिभेचे. एका गटात तोंडाच्या ऑपरेशनसोबतच मानेच्या ग्रंथी काढल्या, दुसऱ्या गटात वाट पाहून गाठ आली तरच काढल्या. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८०% रुग्ण जिवंत होते, दुसऱ्यातले ६७.५%. म्हणजे आठ जणांच्या मानेच्या ग्रंथी आधीच काढल्या तर एक मृत्यू टळतो. पहिल्या गटात 'साफ' वाटलेल्या मानांपैकी सुमारे ३०% मानांत सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सर सापडला.

याची दुसरी बाजू म्हणजे उरलेल्या ७०% लोकांची मान उघडावी लागली नसती तरी चाललं असतं. खांद्याचा त्रास, ओठाच्या कोपऱ्याची कमजोरी, मानेचा ताठरपणा हे सगळं त्यांच्याही वाट्याला येतं. मार्करने हे ७०% लोक आधी ओळखून द्यावेत, एवढीच अपेक्षा आहे. पण त्यासाठी 'धोका जास्त' हे उत्तर कामाचं नाही, कारण जास्त धोक्यात आपण मान काढतोच. 'नाही' म्हणाला तर खरंच नाही, याची खात्री हवी. ९५% च्या आसपास तरी.

हेमॅटॉक्सिलिन

वरच्या आकड्यांना एक जोड. त्याच चाचणीत ३ मिमीपर्यंत खोलीच्या गाठींमध्ये फायदा ठळक दिसला नाही. म्हणून खोलीची मोजणी महत्त्वाची, आणि नेमकी तिथेच गडबड होते.

खोली मोजायची ती गाठीच्या पृष्ठभागापासून नाही. शेजारच्या निरोगी श्लेष्मल त्वचेच्या तळपटलाची (त्वचेच्या थराखालच्या पातळ पडद्याची) रेषा धरायची आणि तिथून ओळंबा सोडल्यासारखं सरळ खाली, गाठीच्या सर्वांत खोल पेशीपर्यंत मोजायचं. फुलकोबीसारखी वर वाढलेली गाठ ९ मिमी जाड असते, पण खोली ३ मिमीच भरते. व्रण पडून खचलेली गाठ ४ मिमी जाड दिसते आणि खोली ७ मिमी निघते. जाडी आणि खोलीची गल्लत झाली की टप्पाच बदलतो. कॅन्सरचे टप्पे ठरवणाऱ्या एजेसीसी नियमावलीच्या, २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीप्रमाणे २ सेंमीपर्यंतची गाठ ५ मिमी खोलीपर्यंत टी१ (टी म्हणजे मूळ गाठीची पायरी), ५ च्या वर गेली की टी२.

आणि पंच बायोप्सीवरून (गाठीतून काढलेल्या छोट्या तुकड्यावरून) खोली लिहू नये. तुकडा गाठीच्या तळापर्यंत पोचलेलाच नसतो. 'किमान अमुक मिमी' एवढंच लिहिता येतं.

कृष्णाकाठ

पण मग रेण्वीय जीवशास्त्राला काहीच किंमत नाही का? धाग्याचा सूर तिकडे झुकतोय म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

पेशी गाठीतून सुटून लसिकावाहिनीत, म्हणजे ग्रंथींकडे जाणाऱ्या बारीक नळीत, शिरते ती टप्प्याटप्प्याने. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं ई-कॅडहेरिन कमी होतं, पेशीला हलायला मदत करणारं व्हायमेंटिन वाढतं. तळपटलातलं चौथ्या प्रकारचं कोलॅजन एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही विकरं विरघळवतात. व्हीईजीएफ-सी या प्रथिनामुळे गाठीच्या आसपास नव्या लसिकावाहिन्या फुटतात. यातल्या प्रत्येक टप्प्याचा मानेतल्या प्रसाराशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, हे नाकारता येणार नाही.

२०१७ मध्ये तोंडाच्या कॅन्सरच्या १८ रुग्णांच्या गाठींतल्या सुमारे ६,००० पेशी एकेक करून वाचल्या गेल्या. पेशी पूर्ण रूप पालटत नाहीत, अर्धवटच पालटतात, असं त्यात दिसलं. व्हायमेंटिन येतं, पण ई-कॅडहेरिन फारसं जात नाही. हा रूपबदल घडवणारी म्हणून ओळखली जाणारी ट्विस्ट, झेब, स्नेल ही नेहमीची जनुकं तिथे दिसलीच नाहीत, फक्त स्लग होतं. अशा अर्धवट बदललेल्या पेशी गाठीच्या आक्रमक कडेला असतात आणि त्यांचं प्रमाण मानेतल्या प्रसाराशी, ग्रंथीचं आवरण फोडून बाहेर येण्याशी जुळतं.

हेमॅटॉक्सिलिन

@कृष्णाकाठ, तुम्ही दिलेल्या अभ्यासातूनच मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. बदललेल्या पेशी कडेला असतात, आणि बायोप्सीचा पंच जातो गाठीच्या मधोमध किंवा वरच्या थरात. तिथे ई-कॅडहेरिन पेशीच्या भिंतीवर छान तपकिरी दिसतं, रिपोर्टमध्ये 'जतन' असं लिहिलं जातं, आणि घरच्यांना वाटतं धोका नाही. पूर्ण नमुन्यातली कड पाहिली तर चित्र वेगळं असतं. मानेतल्या ग्रंथीत स्थिरावल्यावर पेशी ई-कॅडहेरिन परत वाढवू शकतात, त्यामुळे तिथे तपासून फारसं काही कळत नाही.

आता त्याच कडेकडे साध्या एच अँड ई रंगात (रोजच्या स्लाइडचा नेहमीचा गुलाबी-जांभळा रंग) बघा. पेशी सलग रुंद आघाडीने पुढे जात आहेत की सुटे पुंजके करून? मुख्य गाठीपासून, किंवा जवळच्या पुंजक्यापासून, मध्ये निरोगी ऊती ठेवून १ मिमी किंवा जास्त लांब पुंजका दिसला तर तो आक्रमणाचा पाचवा, सर्वांत वाईट नमुना. पाचपेक्षा कमी पेशींचे कळे म्हणजे ट्यूमर बडिंग. हे दोन्ही बघायला वेगळं रसायन लागत नाही. जास्तीचा एक पैसा लागत नाही. आणि कित्येक रिपोर्टांत यातला एक शब्दही नसतो, याचं फार वाईट वाटतं.

चंद्रपूरकर

प्रयोगशाळेच्या बाजूने थोडं, कारण मार्कर बिघडतो तो बहुतेक वेळा स्लाइडवर येण्याआधीच.

तुकडा काढल्यावर तासाभराच्या आत १०% न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा. फॉर्मॅलिन तुकड्याच्या किमान दहापट, बाटली रुंद तोंडाची, नाव बाटलीवर (झाकणावर नाही, झाकणं बदलतात). ६ तासांपेक्षा कमी आणि ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. सलाइनमध्ये टाकून कुरियरने पाठवलेल्या तुकड्याच्या पेशी वाटेतच कुजायला लागतात. बफर नसलेलं जुनं फॉर्मॅलिन आम्ल होत जातं: डीएनएचे तुकडे पडतात, स्लाइडवर काळसर रंगकण दिसतात, आणि एनजीएसमध्ये (जनुकवाचनात) सी च्या जागी टी अशी खोटी म्युटेशन्स निघतात.

गाल-हिरडीच्या कॅन्सरमध्ये जबड्याचं हाड सोबत येतं. ते मऊ करायला नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्लात घातलं की त्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या तुकड्यावर) पुढे म्युटेशन तपासणी जवळजवळ बाद. म्हणून हाडाला चिकटलेला मऊ भाग आधी कापून त्याचा वेगळा ब्लॉक करायचा. हाडातलाच भाग तपासायचा असेल तर ईडीटीए हे सौम्य रसायन वापरायचं. वेळ जास्त लागतो, पण डीएनए वाचतं.

विदर्भात तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांमध्ये गाल-हिरडीच्या गाठी जास्त दिसतात, त्यामुळे हाडाचा हा मुद्दा आमच्याकडे रोजचाच.

फुलपाखरू

धागा वाचनखूण साठवली. पी५३ 'पॉझिटिव्ह ६०%' म्हणजे काय, कुणी सोप्या भाषेत सांगेल का?

हेमॅटॉक्सिलिन

@फुलपाखरू, तसं लिहिणंच अपुरं आहे. निरोगी पी५३ असलेल्या ऊतीत काही केंद्रकं फिकट, काही गडद, काही कोरी असं ठिपक्याठिपक्यांचं चित्र असतं. जनुकात बिघाड झाला की दोन टोकं दिसतात. एक तर जवळजवळ सगळ्या पेशी गडद, कारण बिघडलेलं प्रथिन तुटत नाही, साचतं. नाहीतर सगळ्या पेशी पूर्ण कोऱ्या, कारण प्रथिन तयारच होत नाही. दुसऱ्या प्रकारात शेजारच्या निरोगी पेशी रंगलेल्या दिसल्या तरच कोरेपणा खरा, नाहीतर रंगच चढलेला नाही असं समजायचं. 'पी५३ निगेटिव्ह' वाचून हायसं वाटलेल्या माणसाच्या गाठीत प्रत्यक्षात सर्वांत वाईट बिघाड असू शकतो. म्हणून टक्केवारी न लिहिता 'सामान्य नमुना' किंवा 'म्युटेशनचा नमुना' असं लिहिलं पाहिजे.

कृष्णाकाठ

टीपी५३ (पी५३ प्रथिनाचं जनुक) बद्दल चांगला पुरावा २००७ चा आहे. डोके-मान कॅन्सरच्या ४२० रुग्णांमध्ये प्रथिनाची रचना मोडून टाकणारी म्युटेशन्स असलेले रुग्ण कमी जगले. पण अडचण अशी की एचपीव्ही विषाणू नसलेल्या डोके-मान गाठींत टीपी५३ ची म्युटेशन्स ८०% पेक्षा जास्त वेळा सापडतात. जवळजवळ सगळ्यांकडेच असलेल्या गोष्टीवरून कुणाला वेगळं काढणार? त्याउलट कॅस्प८ आणि एचरास या दोन्ही जनुकांत म्युटेशन, पण टीपी५३ शाबूत, असा तोंडाच्या गाठींचा एक लहान गट टीसीजीए या अमेरिकी कॅन्सर-जनुक प्रकल्पाच्या २०१५ च्या अभ्यासात दिसला आणि त्याची वाटचाल तुलनेने बरी होती. या उपगटावर भारतात काम झालं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडच्या गाल-हिरडीच्या कॅन्सरवर कल्याणीची (प. बंगाल) एनआयबीएमजी ही जनुकसंशोधन संस्था आणि खारघरचं टाटा संशोधन केंद्र अॅक्ट्रेक यांनी मिळून काम केलं, २०१३ साली आलं. टीपी५३, फॅट१, कॅस्प८, एचरास, नॉच१ ही ओळखीची जनुकं सापडलीच, शिवाय यूएसपी९एक्स, एमएलएल४, एआरआयडी२, यूएनसी१३सी, टीआरपीएम३ ही नवीही सापडली. तंबाखू-सुपारीच्या गाठीचं जनुकीय चित्र पाश्चात्त्य जिभेच्या गाठीशी सरसकट जुळेल असं गृहीत धरू नये.

सांख्यिक

याच मुद्द्याला धरून. नेदरलँड्समध्ये मानेतल्या प्रसारासाठी जनुक-अभिव्यक्तीची सही (अनेक जनुकांच्या कमी-जास्त कामाचा एकत्रित ठसा) तयार झाली. २००५ मध्ये पहिला निबंध, २०१२ मध्ये अनेक केंद्रांवर पडताळणी. लहान गाठ आणि साफ मान असलेल्या गटात तिचं 'नाही' ८९% वेळा बरोबर निघालं. माझ्या माहितीत निशिगंध यांच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ गेलेलं रेण्वीय उत्तर हेच. पण तिची पडताळणी तिथल्या रुग्णांवर, तिथल्या नमुन्यांवर झाली. आपल्या गाल-हिरडीच्या गाठींवर ती तशीच्या तशी लावणं मला मान्य नाही.

एकेकट्या मार्करवरचे निबंध वाचताना तीन गोष्टी बघा. उंबरठा आधी ठरवला होता की आकडे बघून? केआय-६७ ला (पेशी किती वेगाने वाढतात याचा मार्कर) १५, २०, ३०, ५० असे उंबरठे बदलत गेलं तर एक कुठला तरी 'महत्त्वाचा' निघतोच. दुसरं, खोली, ग्रंथी आणि मार्जिन (गाठीभोवती कापलेला निरोगी काठ) हिशेबात घेतल्यावर मार्कर टिकतो का? बऱ्याचदा मार्कर खोल गाठीत जास्त असतो, इतकंच. तिसरं, वेगळ्या रुग्णालयातल्या वेगळ्या रुग्णांवर तो तपासला का? मार्करवरचे निबंध कसे लिहावेत हे सांगणाऱ्या २००५ च्या रिमार्क मार्गदर्शिकेत हेच सगळं आहे, आणि तरीही अजून ८० नमुन्यांचे निबंध निघत असतात.

गोमंतक

पॅनेलमधल्या पी१६ बद्दल कुणीच बोललं नाही. घशाच्या, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये पी१६ हा एचपीव्हीचा पर्याय म्हणून चालतो आणि तिथे त्यावरून टप्पाही बदलतो. तोंडातल्या, म्हणजे जिभेचा पुढचा दोन तृतीयांश भाग, गाल, हिरडी इथल्या गाठींना हा नियम लागू नाही. पी१६ पॉझिटिव्ह आलं म्हणून 'चांगला प्रकार' समजून उपचार सौम्य करू नयेत. जिभेच्या कडेच्या गाठीवर ही चाचणी करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुणेरी_स्केलपेल

@गोमंतक +१. आणि पीडी-एल१ चं स्थान वेगळं, ते नीट समजून घ्यायला हवं. तो 'पसरणार का' हे सांगत नाही, 'इम्युनोथेरपी लागू पडेल का' हे सुचवतो. भविष्य सांगणारा मार्कर आणि औषध निवडणारा मार्कर यांची सरमिसळ झाली की चर्चा भरकटते.

सीपीएस (पीडी-एल१ चा गुणांक) काढताना रंगलेल्या कॅन्सरपेशी, लिम्फोसाइट्स आणि मॅक्रोफेज यांची बेरीज करायची, तिला एकूण जिवंत कॅन्सरपेशींनी भागायचं आणि १०० ने गुणायचं. किमान १०० जिवंत कॅन्सरपेशी स्लाइडवर हव्यात. किनोट-०४८ या इम्युनोथेरपीच्या चाचणीत १ आणि २० हे उंबरठे वापरले गेले, पण ते परत आलेल्या किंवा दूर पसरलेल्या रोगासाठी. १८ मिमीच्या, मान साफ असलेल्या गाठीत पीडी-एल१ वरून आज काहीही बदलत नाही. पुढे दुर्दैवाने रोग परतला तर तेव्हाचा नमुना तपासता येईल.

नंदादीप

मग रक्ताच्या एका नळीवरून पसरलाय का ते सांगतो म्हणणाऱ्या चाचण्या?

कृष्णाकाठ

एचपीव्हीमुळे झालेल्या घशाच्या कॅन्सरमध्ये रक्तात विषाणूचं डीएनए शोधता येतं, कारण काय शोधायचं ते सगळ्या रुग्णांत एकच असतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये तसं सामाईक काही नाही. आधी त्या रुग्णाच्या गाठीतली म्युटेशन्स वाचायची, मग नेमकी तीच रक्तात शोधायची. ऑपरेशननंतर रोग परततोय का यासाठी हे काम आशादायक आहे. पण १८ मिमीच्या गाठीतून रक्तात इतकं कमी डीएनए येतं की 'सापडलं नाही' याचा अर्थ 'मान साफ' असा लावता येत नाही.

निशिगंध (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. मग मूळ रुग्णाकडे परत येऊ. एमआरआयवर खोली ४ मिमी, मान साफ. मार्करशिवाय मान वाचवायचा काही मार्ग आहे का?

पुणेरी_स्केलपेल

आहे. सेंटिनल नोड, म्हणजे गाठीतून सुटलेली पेशी सर्वांत आधी पोचेल ती ग्रंथी. गाठीभोवती चार ठिकाणी टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य लावलेलं नॅनोकोलॉइड टोचायचं, ते कुठल्या ग्रंथीत गेलं हे दाखवणारं स्पेक्ट-सीटी स्कॅन करायचं, ऑपरेशनच्या वेळी किरणं टिपणाऱ्या गॅमा प्रोबने पहिल्या एक-दोन ग्रंथी शोधून काढायच्या. युरोपातल्या ४१५ रुग्णांच्या अभ्यासात, २०१५ साली, 'नाही' हे उत्तर ९५% वेळा बरोबर निघालं. मी वर मागितलेली खात्री हीच. तोंडाच्या तळाच्या गाठीत मात्र इंजेक्शनची जागा आणि ग्रंथी इतक्या जवळ असतात की प्रोबला फरक कळत नाही. तिथे जपून.

हेमॅटॉक्सिलिन

आणि ती ग्रंथी मधोमध कापून एक स्लाइड बघितली तर सगळी मेहनत वाया. १५० मायक्रॉनच्या अंतराने पायरीपायरीने काप, सोबत सायटोकेरॅटिन एई१/एई३ (कॅन्सरपेशी उठून दिसाव्यात म्हणून दिलेला रंग). या निर्णयात खऱ्या अर्थाने कामाला येणारा 'मार्कर' हाच. ०.२ मिमीपर्यंत सुट्या पेशी, ०.२ ते २ मिमी सूक्ष्म प्रसार, त्यापुढे मोठा.

ही सोय नसेल तर ४ मिमी खोलीला मान काढावी, पण मग तिचा पूर्ण उपयोग करून घ्यावा. किमान १८ ग्रंथी मोजल्या गेल्या पाहिजेत. काढलेला नमुना कापताना (ग्रॉसिंग) ग्रंथीभोवतीची चरबी सोलून काढू नये. आवरण फोडून कॅन्सर चरबीत आलाय का, आणि २ मिमीच्या आत की बाहेर, हे त्या चरबीतच दिसतं. आवरण फुटलेलं असेल तर रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन या केमोचा विचार होतो. एवढ्या एका ओळीवर पुढचे सहा-सात आठवडे अवलंबून असतात.

सांख्यिक

कृष्णाकाठ यांच्या बाजूने एक सांगतो. मार्कर आज निर्णय बदलत नाही, म्हणून नमुना जपायचा नाही असं होऊ नये. उद्या भारतीय रुग्णांवर पडताळलेली सही आली तर ती तपासायला हेच ब्लॉक लागतील.

कृष्णाकाठ

नेमकं हेच म्हणायचं होतं. त्यासाठी गाठीचा कडेचा भाग आणि मधला भाग वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये घ्या आणि कुठला कुठला ते रिपोर्टमध्ये लिहा. निरोगी ऊतीचा एक ब्लॉकही ठेवा.

फुलपाखरू

घरच्यांनी रिपोर्ट हातात आल्यावर काय काय आहे ते बघावं?

हेमॅटॉक्सिलिन

गाठीचा आकार आणि खोली, दोन्ही मिमीत. आक्रमणाचा नमुना. चेतातंतूभोवती आणि वाहिन्यांत प्रसार: आहे, नाही, स्पष्टपणे. प्रत्येक बाजूचं मार्जिन मिमीत, खोल मार्जिनसकट. 'मार्जिन मोकळं' एवढ्यावर समाधान मानू नये, ५ मिमीच्या आत असेल तर आकडा हवा. मानेच्या कुठल्या पातळीतून किती ग्रंथी, त्यातल्या किती बाधित, सर्वांत मोठा प्रसार किती मिमी, आवरण शाबूत की फुटलेलं. यातलं एखादं नसेल तर पॅथॉलॉजिस्टना फोन करून पुरवणी रिपोर्ट मागा. स्लाइड तिथेच असतात, मागितल्यावर मिळतो. दुसरं मत घ्यायला जाताना स्लाइडसोबत ब्लॉकही मागून घ्या, आणि ब्लॉक उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं.